दोन दाण्यांत एका परार्धाचा फरक

दादरा आणि नगर हवेलीतल्या खडोलीत कुठल्याही किराणा दुकानात जा आणि एक किलो मोहरी मागा. दुकानदार पुडी बांधून देईल, तुम्ही ती पिशवीत टाकाल, आणि आपण किती दाणे घेऊन घरी चाललो आहोत हा प्रश्न मनात येणारही नाही. अडीच लाख! मोहरीचा भरलेला दाणा साधारण चार मिलिग्रॅमचा. हजार दाणे टाकले की काटा चार ग्रॅमवर. म्हणजे किलोत अडीच लाख. सेकंदाला एक या वेगाने, न जेवता न झोपता मोजत बसलात तर जवळपास तीन दिवस लागतील. २०११च्या जनगणनेत अख्ख्या दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या होती ३,४३,७०९. माणशी एक दाणा वाटायचा झाला तर मोहरी लागेल एक किलो तीनशे पंचाहत्तर ग्रॅम. सिल्वासा, नरोली, खडोली, खानवेल, सगळे आटोपले! आणि सगळा भारत? १४५ कोटी माणसांना एकेक दाणा द्यायला सहा टनसुद्धा लागत नाहीत. खडोलीच्या कारखान्यांपुढे जे ट्रक उभे असतात, त्यातला एक पुरे.

आता हेच दाणे रांगेत लावू. दाण्याची जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास. मुंबई-पुणे अंतर १५० किलोमीटर धरा. दाण्याला दाणा चिकटवत निघालो तर पुण्याला पोचेपर्यंत साडेसात कोटी दाणे लागले. त्यांचं वजन किती असेल? तीनशे किलो. फक्त तीन क्विंटल! दादरपासून शिवाजीनगरपर्यंत, खंडाळ्याच्या घाटासकट, मोहरीची अखंड ओळ, आणि तो सगळा माल एका छोट्या टेम्पोत मावतो. हा मुंबई-पुण्याचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे. तेव्हा मात्र टेम्पो लागणार नाही.

ही झाली गंमत. आता देशाच्या खळ्यात उतरू.

भारतात मोहरीवर्गीय पिकांचा पेरा अलीकडच्या वर्षांत ९० लाख हेक्टरच्या घरात गेला आहे. दादरा आणि नगर हवेलीचं क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर, म्हणजे ४९,१०० हेक्टर. त्यात डोंगर आले, जंगल आलं, मधुबन धरणाचं पाणी आलं, कारखाने आले. असे १८३ प्रदेश शेजारी शेजारी मांडा आणि इंचन् इंच मोहरी पेरा, तेव्हा देशाचा पेरा पुरा होतो. किंवा विदर्भ घ्या. अकरा जिल्हे, ९७ हजार चौरस किलोमीटर. गडचिरोलीच्या जंगलापासून बुलढाण्याच्या टोकापर्यंत नजर जाईल तिथे पिवळं! त्यातला जेमतेम एक जिल्हा सोडला, की उरतो तो मोहरीचा पेरा.

उत्पादन? वर्षाला सुमारे १३० लाख टन, त्यातलं निम्म्याच्या जवळपास एकट्या राजस्थानात. धान्य वाहणाऱ्या ४२ डब्यांच्या मालगाडीत साधारण २,६०० टन माल बसतो. १३० लाख भागिले २,६००. पाच हजार! पाच हजार मालगाड्या, प्रत्येक साडेसहाशे मीटर लांब. एकामागे एक उभ्या केल्या तर रांग होते ३,२५० किलोमीटरची. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर. म्हणजे काश्मीरच्या माथ्यावर इंजिन, कन्याकुमारीला गार्डचा डबा, मधे सगळी मोहरी, आणि तरी शेवटचे छत्तीस किलोमीटर समुद्रात!

दाणे किती झाले? १३० लाख टन म्हणजे १,३०० कोटी किलो, आणि किलोला अडीच लाख. उत्तर लिहायला तीनावर पंधरा अंक लागतात. कोटीच्या भाषेत बोलायचं तर साडेबत्तीस कोटी कोटी. इथे भास्कराचार्य मदतीला येतात. ११५०च्या 'लीलावती'त अब्जाच्या पुढची घरं नावानिशी दिली आहेत: खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. अंत्य म्हणजे एकावर पंधरा शून्यं. आपल्या देशाची वर्षाची मोहरी सव्वातीन अंत्य. साडेआठशे वर्षांपूर्वीची पाटी आजही पुरते, पुढे दोन घरं शिल्लक ठेवून. ती दोन घरंही आपण आज भरणार आहोत.

सव्वातीन अंत्य दाण्यांची ओळ ६५० कोटी किलोमीटर लांब होते. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर, म्हणजे तो तर नाक्यावरच राहिला. सूर्यापासून नेपच्यून ४५० कोटींवर. आपली मोहरीची ओळ नेपच्यूनला मागे टाकून आणखी दोनशे कोटी किलोमीटर पुढे जाते. एका वर्षाचं पीक!

इतक्या दाण्यांत दोन दाणे एकसारखे असतील का? दिसायला असतील. तांबूस-काळे, गोल, गुळगुळीत, कुठे पिवळट. पण आत शिरलं की प्रत्येक वाणाचा, प्रत्येक रानाचा, कधी कधी एकाच शेंगेतल्या दोन दाण्यांचा हिशोब वेगळा. खरी चक्कर यायला लागते ती इथे.

पहिला हिशोब तेलाचा. मोहरीत तेल चाळीस टक्क्यांच्या आगेमागे. एखाद्या वाणात ३६, एखाद्यात ४२. पेरणी उशिरा झाली, दाणा भरताना ऊन तापलं, तरी उतारा घसरतो. आता ३६ आणि ४२ यांत काय मोठंसं, असं वाटेल. चार मिलिग्रॅमच्या दाण्यात फरक पडतो पाव मिलिग्रॅमचा. पण एक लिटर तेल काढायचं ठरवा. दाण्यातला थेंबन् थेंब निघाला असं धरलं तरी बेचाळीसच्या मोहरीचे ५ लाख ४२ हजार दाणे लागतात, आणि छत्तिसाच्या मोहरीचे ६ लाख ३२ हजार. एका लिटरमागे नव्वद हजार दाणे जास्त. हा फरक देशभर पसरवा. १३० लाख टनांचे सहा टक्के म्हणजे ७ लाख ८० हजार टन तेल. आपल्याच मालगाडीच्या मापाने बरोबर तीनशे गाड्या! किलोला १३० रुपये धरले तर दहा हजार कोटींच्या वर. विहिरीत मोजायचं असेल तर सहा मीटर व्यासाची, बारा मीटर खोल अशी आपली नेहमीची विहीर घ्या. तिच्यात सुमारे ३ लाख ४० हजार लिटर मावतं. अशा अडीच हजार विहिरी तोंडापर्यंत भरतात. पाव मिलिग्रॅमच्या फरकाने!

राजस्थानातल्या व्यापाऱ्यांना हे गणित कोणी शिकवावं लागत नाही. जयपूरकडे मोहरीचा भाव निघतो तोच मुळी 'बेचाळीस टक्के कंडिशन'वर. तेल त्याहून कमी निघालं की भाव खाली. त्या मंडीत एकेका टक्क्याला किंमत आहे, आणि असायलाच हवी, कारण तेलाच्या बाबतीत आपण देश म्हणून किती उघडे आहोत ते पुढच्या आकड्यात दिसतं.

२०२२-२३च्या तेलवर्षात भारताने सुमारे १६५ लाख टन खाद्यतेल बाहेरून आणलं. पाम, सोयाबीन, सूर्यफूल सगळं मिळून. त्याचं बिल सुमारे १ लाख ३८ हजार कोटी रुपये. मालगाड्या सहा हजार तीनशेच्या वर, म्हणजे रोज सतरा. विहिरी त्रेपन्न हजार. महाराष्ट्रात गावं चव्वेचाळीस हजारांच्या आसपास. प्रत्येक गावाला परदेशी तेलाची एक तुडुंब विहीर दिली तरी नऊ हजार विहिरी उरतात! आणि पैसे? दिवसाला ३७८ कोटी. सेकंदाला त्रेचाळीस हजार रुपयांच्या वर. मुंबईहून निघून तीन तासांत पुण्याला उतरलात, तर तेवढ्या वेळात ४७ कोटी रुपये तेलापायी देशाबाहेर गेलेले असतात.

खडोलीच्या मातीतला एक जुना आकडा इथे शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही. १७७९च्या तहात मराठ्यांनी पोर्तुगिजांना वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख कबूल केला, आणि त्यांच्या एका जहाजाच्या भरपाईपोटी १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. ती परत यायला २ ऑगस्ट १९५४ उजाडावं लागलं. तर अख्ख्या मुलखाच्या एका वर्षाच्या त्या उत्पन्नात आजच्या तेल-आयातीचा किती वेळ निघतो? पाव सेकंद. पावणेदोनशे वर्षांची भानगड ज्या रकमेतून उभी राहिली, ती डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते. (महागाईचा हिशोब मधे आणून मजा घालवू नये.)

पण तेल किती, हा झाला अर्धाच प्रश्न. तेल कसलं, हा उरलेला. आणि त्यातला फरक सहा टक्क्यांचा नाही, वीस-पंचवीस पटींचा आहे.

मोहरीच्या तेलात इरुसिक आम्ल नावाचं एक लांबलचक स्निग्धाम्ल असतं. बावीस कार्बनची साखळी. आपल्या पारंपरिक मोहरीच्या तेलात ते चाळीस ते पन्नास टक्के. जगाच्या बाजारात 'कॅनोला' म्हणून जे मिरवतं त्यात दोन टक्क्यांच्या आत. एक लिटर जुन्या वळणाचं तेल घेतलं तर त्यात चारशे ग्रॅमच्या वर इरुसिक. कॅनोला प्रतीच्या लिटरमध्ये जास्तीत जास्त अठरा ग्रॅम. देशाचं पाहू. १३० लाख टनांतून ४३ लाख टन तेल हाती आलं आणि सगळंच जुन्या वळणाचं धरलं, तर निव्वळ इरुसिक भरायला ७४० मालगाड्या हव्यात. तेच पीक कॅनोला प्रतीचं असतं तर तेहतीस गाड्यांत आटोपलं असतं. शेत तेवढंच, पोती तेवढीच, दाणा तसाच गोल, आणि सातशे गाड्या गायब!

हे आम्ल वाईट का? सत्तरच्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले, त्यांच्या हृदयात चरबी साठलेली दिसली आणि जग दचकलं. माणसात तसंच होतं हे काही त्यातून सिद्ध झालेलं नाही. बंगाल आणि बिहार पिढ्यान्‌पिढ्या हेच तेल खात आले आहेत. तरी न्यू जर्सीतल्या देशी दुकानात मोहरीच्या तेलाची बाटली घेतलीत तर तिच्यावर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' अशा अर्थाची ओळ दिसेल. इथे सिल्वासाच्या कारखान्यांत उत्तरेकडून आलेला कामगार त्याच तेलात मासळी तळतो. आणि खडोलीच्या जुन्या आदिवासी घरांना मोहरीची तितकीशी गरज कधी पडलीच नाही. डोंगरउतारावर पावसाळा सरताना पिवळी फुलणारी खुरासणी त्यांची. तिच्या तेलात इरुसिक जवळजवळ शून्य. वारली आजीला कॅनोलाचं कौतुक कशाला सांगावं!

आता हा पन्नास आणि दोनचा फरक बियाण्यात नेमका कुठे बसलेला असतो? मोहरीच्या जनुकसंचात सुमारे ९२ कोटी अक्षरं आहेत. सेकंदाला एक अक्षर वाचत गेलं तर एकोणतीस वर्षं लागतात. जनुकं ऐंशी हजारांच्या घरात. माणसाची वीस हजारांच्या आसपास. म्हणजे फोडणीत तडतडणारा तो दाणा जनुकांच्या मोजणीत आपल्या चौपट! कारण मोहरी ही दोन जातींच्या संकरातून झालेली, दोन्हींचे संच तिने जपून ठेवलेले. त्या सगळ्या पसाऱ्यात इरुसिकचा नळ मुख्यतः दोन जनुकांच्या हाती. त्या दोन ठिकाणी मोजकी अक्षरं बदलली की नळ बंद. एकोणतीस वर्षांच्या वाचनात काही सेकंदांचा फरक, आणि देशाच्या रुळांवर सातशे मालगाड्यांचा!

असा नळ बंद असलेला दाणा शोधायचा कसा? शोधायला दाणा फोडावा लागतो, आणि फोडला की तो पेरायचा कसा? इथे कॅनडातल्या सास्काटूनच्या कीथ डाउनी यांनी १९६३ मध्ये जे केलं ते मला सगळ्या आकड्यांपेक्षा भारी वाटतं. त्यांनी दाणा अर्धाच वापरला. भिजलेल्या दाण्याची एक बाहेरची डाळ काढून यंत्रात घातली आणि उरलेला अंकुरासकट पेरला! यंत्राला मिळालं किती तेल? मिलिग्रॅमभरही नाही. तेवढ्यावरून अख्ख्या वंशाचा निकाल. १९७४ मध्ये मानिटोबाच्या बाल्डर स्टेफान्सन यांनी 'टॉवर' हे वाण दिलं आणि कॅनोलाची गाडी सुटली. आपल्या मोहरीच्या जातीत इरुसिक नसलेल्या ओळी ऑस्ट्रेलियात कर्क आणि ओरम यांना सापडल्या, १९८१ मध्ये. त्यानंतर दिल्लीच्या पुसा संस्थेचं पुसा करिश्मा आलं, आणि २०१६ मध्ये 'पुसा डबल झीरो मस्टर्ड ३१'. पस्तीस वर्षं!

कागदावर मात्र सातच हंगाम लागतात. हेक्टरी पाच किलो बियाणं पेरलं की चौदाशे किलो येतं, म्हणजे २८० पट. एका दाण्याचे पहिल्या वर्षी २८०, दुसऱ्या वर्षी ७८ हजार, तिसऱ्या वर्षी सव्वादोन कोटी, चौथ्या वर्षी सहाशे कोटींच्या वर, आणि सातव्या हंगामात देशाच्या सगळ्या पिकाच्या चाळीस पट! डाउनींच्या त्या अर्ध्या दाण्यातून सात वर्षांत विदर्भाएवढं रान पिवळं. मग अडतं कुठे? वाऱ्यात आणि मधमाश्यांत. मोहरी बहुतांशी स्वतःच फळते, पण शेजाऱ्याचा परागही घेते. शेजारी जुनी मोहरी असेल आणि शंभरात एकच दाणा परक्या परागाचा निघाला असं धरा. एक टक्का काय, चालतं! पण क्विंटलमध्ये दाणे अडीच कोटी. त्यात अडीच लाख मिश्र. तेच पुन्हा पेरलं की भेसळ वाढतच जाते. भरतपूरजवळच्या सेवरला मोहरीची राष्ट्रीय संशोधन संस्था १९९३पासून आहे. तिथल्या लोकांना विचारा, बियाणं शुद्ध राखणं हीच अर्धी शेती आहे.

आणि आता शेवटचा हिशोब, झणक्याचा. मोहरी फेसताना जो वास टाळूपर्यंत चढतो, तो ग्लुकोसिनोलेट नावाच्या गंधकयुक्त पदार्थांतून सुटतो. लोणच्यात हवाच, पेंडीत नको, कारण जास्त झाला की कोंबड्यांना आणि डुकरांना बाधतो. हा मोजतात तेल काढलेल्या पेंडीच्या ग्रॅममागे, मायक्रोमोलमध्ये. जुन्या मोहरीत ऐंशी ते दीडशेच्या वर. डबल झीरोत, म्हणजे इरुसिक आणि ग्लुकोसिनोलेट दोन्ही कमी असलेल्या वाणात, तीसच्या आत. आपण जुनीला सरळ शंभर देऊ. मायक्रोमोल म्हणजे काय, ते शास्त्रज्ञांवर सोडू. आपण दाणे मोजले तसे रेणू मोजू.

चार मिलिग्रॅमच्या दाण्यात पेंड साधारण २.४ मिलिग्रॅम. तिच्यात ग्लुकोसिनोलेटचे रेणू किती? एक परार्ध, वर चार मध्य! भास्कराचार्यांची शेवटची दोन्ही घरं भरली, आणि तीही एका दाण्यात! सगळ्या देशाची वर्षाची मोहरी होती सव्वातीन अंत्य. म्हणजे एका दाण्यात जितके रेणू, तितके दाणे पिकवायला सगळ्या भारताने चव्वेचाळीस वर्षं राबलं पाहिजे. रेणूची लांबी एक नॅनोमीटर धरून ओळ लावा. मुंबई-पुणे रस्त्यावर एकदा ओळ घालायला साडेसात कोटी दाणे लागले होते. इथे एकाच दाण्यातले रेणू त्याच रस्त्यावर साडेनऊशे ओळी घालतात!

आणि डबल झीरोच्या दाण्यात? तीसच्या हिशोबाने सव्वाचार मध्य. दोन्ही दाणे तळहातावर शेजारी ठेवा. रंग तोच, आकार तोच, वजन तेच. एकातून दुसरा वजा करा. उत्तर येतं एक परार्ध. अगदी काठोकाठ!

एवढा फरक, पण बाजारात त्याला भाव नाही. मंडीचा काटा तेलाचे बेचाळीस टक्के मोजतो. इरुसिक दोन की पन्नास, ग्लुकोसिनोलेट तीस की शंभर, हे भावफलकावर कुठेच लिहिलेलं नसतं. शेजाऱ्याच्या परागापासून रान सांभाळायचं, दरवर्षी नवं बियाणं घ्यायचं आणि पोतं विकायचं जुन्याच दराने, हे कोणता शेतकरी करील? वाण तयार आहेत, मोजायची यंत्रं आहेत. प्रतीला पोत्यामागे वेगळा भाव लागला पाहिजे. तो लागेल त्या वर्षी ही मोहरी रानात दिसेल, त्याआधी नाही.